काळ्या टिकलीचे दोन तास

श्यामलाबाई परचुऱ्यांच्या घरी एप्रिल महिन्यात जेवणाच्या टेबलावर जेवता येत नसे. परचुरे ताट मांडीवर घेऊन बाल्कनीच्या दाराशी बसत आणि आमटी शर्टावर सांडू नये म्हणून मान पुढे काढून जेवत. पाहुण्याने विचारलंच तर सांगत, "टेबल सध्या स्काउट-गाइडच्या ताब्यात आहे. मे महिन्यात परत मिळतं. आत्तापर्यंत दर वर्षी मिळालंय."

टेबलावर ड्रॉइंगचे दोन मोठे कागद डिंकाने जोडून पसरलेले असत. मुलींच्या उन्हाळी शिबिराचं वेळापत्रक. चार शाळांच्या चौऱ्याऐंशी मुली, दहा दिवस, दिवसाचे सहा तास आणि अकरा बॅज. प्रथमोपचार, निसर्ग, गाठी, स्वयंपाक, सायकल, पोहणं. प्रत्येक मुलीला तीन बॅज हवे असत आणि चौऱ्याऐंशीपैकी सत्तर जणींना नेमके तेच तीन. त्यात ज्या तुकडीकडे त्या दिवशीचा स्वयंपाक, ती तुकडी सकाळी दहा ते बारा कुठल्याच वर्गाला मिळायची नाही. प्रथमोपचाराचे डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे आणि निसर्गाच्या बाईंना दुपारी ऊन सोसायचं नाही.

हे सगळं श्यामलाबाई टिकल्यांनी जमवत. तुळशीबागेतून आणलेल्या मखमली टिकल्यांची पाकिटं. मरून म्हणजे प्रथमोपचार, हिरवी निसर्ग, निळी पोहणं. टिकलीचा फायदा असा, की चुकली तर नखाने उचलून दुसऱ्या चौकोनात लावता येते. आठ-दहा वेळा उचलली की तिचा चिकटपणा जातो. मग समजायचं की तो तास काही केल्या जमत नाही आणि आता कुणाला तरी फोन करून हात जोडावे लागणार.

कागदावर दोन टिकल्या काळ्या असत. एक नवव्या दिवशी सकाळी, एक दहाव्या दिवशी सकाळी. त्या चौकोनांत कुठलाच वर्ग नसे. श्यामलाबाईंनी १९८४ साली पहिल्यांदा हे काम अंगावर घेतलं तेव्हापासून त्या होत्या आणि सोळा वर्षांत एकाही माणसाने त्या कशासाठी म्हणून विचारलं नव्हतं. मुलींना माहीत होतं. पोहण्याची परीक्षा सहाव्या दिवशी असे. त्या दिवशी ज्या चार-पाच जणी "बाई, पोटात दुखतंय" म्हणून सांगत, त्यांच्याकडे बघून श्यामलाबाई फक्त मान हलवत. नवव्या दिवशी सकाळी त्या मुली कॉलेजच्या पोहण्याच्या टाकीवर सराव करत, दहाव्या दिवशी परीक्षा देत. परीक्षक शालनताई दोनदा यायच्या. त्यांनाही काही समजावून सांगावं लागत नसे.

श्यामलाबाई स्वतः चौदा वर्षांच्या होत्या तेव्हा अशाच एका शिबिरात विहिरीच्या पायरीवर चार मैत्रिणींचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीन दिवस. त्यांच्या कॅप्टनबाई म्हणाल्या होत्या, "कुणी विचारलं तर पोटात दुखतंय म्हण." श्यामलाला पोहता येत होतं, मैत्रिणींपेक्षा चांगलं. बॅज मात्र मिळाला नाही तो नाहीच.

तर अशी सोळा वर्षं गेली आणि दोन हजार साल उजाडलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या शिक्षकखोलीत बैठक होती. बाकीच्या तीन शाळांच्या गाइड कॅप्टन पेपर तपासण्यात अडकल्या होत्या, म्हणून बायकांत एकट्या श्यामलाबाई. समोर शिबिरप्रमुख बाबुराव ढमढेरे, मुलांच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या शेजारी दोन शिक्षक आणि एक पालक, दशरथ मेश्राम. मेश्राम मूळचे नागपूरकडचे, आठ वर्षांपूर्वी पुण्यात आले, कात्रजला राहत आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते. त्यांची मुलगी मैत्री श्यामलाबाईंच्याच शाळेत नववीत होती.

"परचुरेबाई, तुमचं टेबल यंदा मोकळं," बाबुराव म्हणाले. "मेश्रामांनी सगळं कॉम्प्युटरवर करून आणलंय."

मेश्रामांनी पिशवीतून दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद काढला. घडीवर घडी. तो उलगडताना त्यांना संकोच वाटत होता आणि अभिमानही, हे श्यामलाबाईंना दिसलं. माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षीचं वेळापत्रक त्यांनी शाळेतून मागून नेलं होतं. महिनाभर रोज ऑफिस सुटल्यावर बसून प्रत्येक मुलीचं नाव, तिचे तीन बॅज, तिची तुकडी, सगळं घातलं होतं. चौऱ्याऐंशी मुली आणि एकाही मुलीचे दोन वर्ग एका वेळी नाहीत. श्यामलाबाईंनी मनातल्या मनात चार ठिकाणी तपासून पाहिलं. चूक नव्हती. त्याचाच राग आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं," मेश्राम म्हणाले. "तुमच्या चार्टवर मी पाहून राहिलो होतो, हे दोन तास रिकामे आहेत. नववा दिवस नि दहावा दिवस. काहून बरं?"

"असू द्यात. लागतात ते."

"कशासाठी?"

श्यामलाबाईंनी समोर पाहिलं. चार पुरुष. एकाच्या हातात भजं होतं.

"अडीअडचणीला," त्या म्हणाल्या.

"अडचण आली तर तेव्हा बघू ना," बाबुराव म्हणाले. "आधीपासून अडचणीसाठी तास काढून ठेवायचा, म्हणजे तिला आमंत्रण दिल्यासारखंच झालं."

दोघे शिक्षक हसले. मेश्राम हसले नाहीत. ते थांबले होते, पेन हातात धरून. पुढे कित्येक दिवस श्यामलाबाईंना ते थांबणं आठवत राहिलं. आणखी एक वाक्य बोलायचं होतं, बस्स.

"सोळा वर्षं मी करतेय, भाऊ," त्या म्हणाल्या. "काही विचार करूनच ठेवलेत."

"तुमच्या अनुभवाबद्दल प्रश्नच नाही," बाबुरावांनी विषय मिटवला. "त्या दोन तासांत मेश्राम मुलींना कॉम्प्युटर शिकवतील. तीन मशिनं टेंपोतून आणणार आहेत. काळ कुठे चाललाय बघा. लोणीच्या कॉलेजलाही कळवतो, की शेवटचे दोन दिवस टाकी नको आम्हाला."

घरी आल्यावर श्यामलाबाईंनी पर्स टेबलावर आपटली. टेबल मोकळं असल्यामुळे आवाज मोठा झाला.

"मग खरं कारण सांगायचं होतंस," परचुरे म्हणाले.

"चौघांसमोर? काय सांगू? मुलींची पाळी येते म्हणून?"

परचुऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हा शब्द घरात आला की ते पान उलटत. "तेच आपलं. तुमचं तुम्ही काहीतरी… दुसऱ्या शब्दांत."

"दुसऱ्या शब्दांत सांगितलं की. अडीअडचण म्हटलं. त्यावर विनोद झाला."

"बाबुरावांना मुली नाहीत," परचुरे पानाआडून म्हणाले, जणू त्याने काही सुटत होतं.

"मेश्रामांना आहे."

त्यानंतर बाबुरावांना एकट्यात गाठायचं त्यांनी दोनदा ठरवलं. एकदा ते फोनवर दुसऱ्याच विषयावर बोलत सुटले, एकदा त्यांच्या घरी दिवाणखान्यात व्याही बसले होते. मग परीक्षेचे निकाल आले, शिबिराची भाजी ठरवायला शाळेच्या शिपाई इंदुबाईंबरोबर मार्केट यार्डात खेटे झाले आणि मे उजाडला.

शिबिर लोणी काळभोरच्या पुढे एका संस्थेच्या आवारात होतं. छापील वेळापत्रक कडुनिंबाच्या झाडाला फळा टांगून त्यावर चिकटवलं होतं. पहिले चार दिवस ते घड्याळासारखं चाललं. मुली फळ्यापाशी यायच्या, आपल्या नावावर बोट ठेवायच्या आणि पळायच्या. बाबुराव दिवसातून दोनदा म्हणायचे, "काय परचुरेबाई, आहे ना आराम?" श्यामलाबाई म्हणायच्या, "आहे ना. हात रिकामे आहेत, म्हणून तुमच्याकडे बघत बसलेय."

इंदुबाई मात्र दुसऱ्याच दिवशी फळा बघून आल्या होत्या. त्यांना वाचता थोडंच येई, पण रंग नाहीत हे दिसत होतं. "बाई, औंदा काळी टिकली कुठं हाय?"

"नाहीये."

"मग पोरींनी काय करायचं?"

"पोटात दुखवायचं," श्यामलाबाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी चहाच्या वेळी मैत्री मेश्राम त्यांच्या तंबूशी येऊन उभी राहिली. उंच, सडसडीत, दोन वेण्या. पोहण्याच्या वर्गात अठ्ठावीस मुली होत्या आणि तिच्यासारखी एक नव्हती. तीन घाबरट मुलींना तिनेच पाण्यात उतरवलं होतं.

"बाई, पोटात दुखतंय."

श्यामलाबाईंच्या हातातला कप खाली आला. "कधीपासून?"

"आत्ताच. दुपारी." मैत्रीने ओठ दाबून धरले होते. "उद्या परीक्षा आहे. मी तशीच उतरू का?"

"वेडी आहेस का? सफेद टाकी ती. आणि तुझीच तुला लाज वाटेल जन्मभर."

"मग माझ्या राज्य पुरस्काराचं काय?"

श्यामलाबाईंना तेही ठाऊक होतं. गाइडच्या राज्य पुरस्कारासाठी मैत्रीला हा एकच बॅज उरला होता. अर्ज जूनमध्ये जायचे. पुढच्या वर्षी ती दहावीत आणि दहावीच्या मुलीला शिबिराला पाठवायचं नाही, असं तिच्या बाबांनी आधीच जाहीर केलं होतं. सकाळी एक क्लास, संध्याकाळी एक. म्हणजे हेच शिबिर, हीच परीक्षा.

"बाबांना सांगू नका," मैत्री म्हणाली.

"का गं?"

"त्यांनीच केलंय ना टाइमटेबल. रोज मला दाखवायचे. बघ, एक पण क्लॅश नाही." तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "खूश होते ते."

दुसऱ्या दिवशी परीक्षेला चार मुली गैरहजर राहिल्या. बाकीच्या तिघी सातवी-आठवीतल्या होत्या, त्यांना पुढचं वर्ष होतं. शालनताईंनी यादीवर चार वेळा 'गै' लिहिलं आणि श्यामलाबाईंकडे पाहिलं.

"मी दहाव्या दिवशी येते की दर वेळेसारखी. बोलावलं का नाही?"

"वेळापत्रकात तास नाहीये."

"मग घाल. ढमढेऱ्यांची सही आण, म्हणजे मला परीक्षा लावता येईल. मी परवा रात्री नाशिकला जाणारेय लेकीकडे, पण तू उद्यापर्यंत कळवलंस तर जाणं पुढे ढकलेन."

उद्यापर्यंत. श्यामलाबाई तशाच बाबुरावांच्या तंबूत गेल्या. ते पाय पाण्यात सोडून बसले होते.

"दहाव्या दिवशी सकाळी टाकी हवी आहे. एका मुलीची परीक्षा राहिलीय."

"का राहिली? आज तर झाली परीक्षा."

"तिला बरं नव्हतं."

"काय झालं होतं?"

"बरं नव्हतं."

"मग डॉक्टरांचा दाखला आणा," बाबुराव म्हणाले. "तसं नाही, बाई, पण एकीसाठी केलं तर उद्या दहा जणी येतील. तो तास कॉम्प्युटरला दिलाय. मेश्राम तीन मशिनं घेऊन येताहेत. त्यांना काय सांगू, एका मुलीच्या पोटात दुखलं म्हणून परत न्या?"

पोटात दुखलं. म्हणजे माणसाला कळलं होतं! श्यामलाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. बाबुराव बादलीतल्या पायांकडे बघत होते. कळलं होतं, की नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? इथे आता बोलावं, स्पष्ट, तीन शब्दांत, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी "सर, तांदूळ आले" म्हणून हाक मारली आणि बाबुराव लगबगीने पाय पुसू लागले.

श्यामलाबाई बाहेर आल्या. उन्हात उभ्या राहून त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मुलींना त्या प्रथमोपचारात शिकवत, रक्त दिसलं की घाबरायचं नाही.

आणखी दोन दिवस असेच गेले. शालनताई नाशिकला गेल्या.

नवव्या दिवशी सकाळी टेंपो आला. मेश्रामांनी तिन्ही कॉम्प्युटर स्वतः उतरवले, उशांसारखे छातीशी धरून. वायर लावल्या, पुसलं, मग हात झटकत फळ्यापाशी आले. फळ्याशेजारी परीक्षेचा निकाल लावला होता. बोट फिरवत ते मेश्राम या नावावर थांबले.

"मॅडम, हे चुकलं का? मैत्री गैरहजर? ती तर माशासारखी पोहते."

बाबुराव तिथेच होते. दोघे शिक्षक होते. इंदुबाई परातीत कोथिंबीर निवडत होत्या. श्यामलाबाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना भयंकर कंटाळा आला. भीती नव्हे, लाज नव्हे, निव्वळ कंटाळा.

"चुकलं नाही. तिची पाळी आली होती," त्या म्हणाल्या.

बाबुरावांनी घड्याळ पाहिलं. एक शिक्षक कॉम्प्युटरकडे निघून गेला.

"थांबा, ढमढेरे सर. आपणही ऐका. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते, चार दिवस राहते. पोहण्याला अठ्ठावीस मुली होत्या. मेश्रामसाहेब, आपण हिशोबातले. कुठलाही एक दिवस धरा. किती जणी टाकीत उतरू शकणार नाहीत?"

मेश्रामांचे ओठ हलले. ते सवयीने गणित करत होते हे दिसत होतं. मग त्यांनी निकालाच्या कागदाकडे पाहिलं.

"चार," ते म्हणाले.

"चारच राहिल्यात. त्यासाठी होते ते दोन तास. सोळा वर्षं."

मेश्रामांनी निकालावरचं बोट काढलं. "मी विचारलं होतं न, मॅडम," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही अडीअडचण म्हणालात."

"म्हणाले."

"मला सांगितलं असतं तर मी घातले असते. दोन ओळींचं काम होतं."

मग धावाधाव झाली. मेश्रामांनी कॉम्प्युटरचे दोन्ही तास रद्द केले. बाबुरावांनी नव्या वेळापत्रकावर सही केली आणि कॉलेजकडून दहाव्या दिवसाची टाकीही मिळवली. हे सगळं करायला त्यांना वीस मिनिटं लागली. मेश्राम आणि श्यामलाबाई सोलापूर रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. नाशिकचा नंबर लागला, पण शालनताई लेकीच्या सासरच्यांबरोबर सप्तशृंगीला निघून गेल्या होत्या, उद्या रात्री येणार. दुसऱ्या परीक्षकांकडे फोन उचलायला कुणी नव्हतं. तिसऱ्या म्हणाल्या, "अहो, आधी नको का सांगायला?"

बूथमध्ये उकडत होतं. मेश्रामांनी रिसीव्हर ठेवला. "मैत्रीला सांगितलंच नाही मला तिने," ते म्हणाले. वाक्य उलटसुलट झालं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी टाकी होती, सही होती, मुलगी होती. परीक्षक नव्हत्या. मैत्री तरीही उतरली. बाई नको म्हणाल्या नाहीत. पुरुषांना आत परवानगी नव्हती, म्हणून मेश्राम भिंतीबाहेर उभे होते. श्यामलाबाईंनी घड्याळ लावलं. मैत्रीने परीक्षेचं सगळं अंतर कापलं, पाठीवर, पोटावर, शेवटी बुडणाऱ्या मुलीला ओढून आणतात तसं एका सातवीतल्या मुलीला ओढून काठाला आणलं. श्यामलाबाईंनी वहीत वेळा लिहिल्या. त्या वहीला कुठेही किंमत नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

टॉवेल गुंडाळून मैत्री काठावर बसली. केसांतून पाणी गळत होतं.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही एप्रिलमध्येच का नाही सांगितलं?"

श्यामलाबाईंनी वही मिटली. त्यांना कॅप्टनबाई आठवल्या, विहीर आठवली, मांडीवरचे कोरडे कपडे आठवले.

"चल, गारठशील," त्या म्हणाल्या. मे महिन्यातले साडेआठ वाजले होते आणि फरशी तापायला लागली होती.

राज्य पुरस्काराच्या यादीत त्या वर्षी शाळेच्या तीन मुली आल्या. मैत्री त्यांच्यात नव्हती.

पुढच्या एप्रिलमध्ये मेश्रामांचा फोन आला. बाकी सगळं कॉम्प्युटर करील, पण त्या दोन तासांना नाव काय द्यायचं? बाबुराव म्हणत होते, 'अन्य' लिहा.

"मी लिहून पाठवते," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी जुना कागद कपाटावरून काढून टेबलावर पसरला. परचुरे न सांगता ताट घेऊन उठले आणि जाता जाता वाकून बघायला लागले. काळ्या टिकल्या सुटून पडल्या होत्या, त्यांच्या जागी डिंकाचे दोन ठिपके राहिले होते. श्यामलाबाईंनी दोन्ही चौकोनांत जाड पेनाने लिहिलं, 'पाळीमुळे राहिलेल्या मुलींसाठी. सराव.' आणि, 'पाळीमुळे राहिलेल्या मुलींसाठी. परीक्षा.'

परचुऱ्यांनी वाचलं. उलटायला हातात पान नव्हतं, ताट होतं.

"हे असंच झाडाला लावणार?"

"असंच."

"ढमढेरे लावू देतील?"

"त्यांना कशाला त्रास? मी लावीन," श्यामलाबाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढं ताट सरळ धरा. आमटी सांडेल त्याच्यावर."